पदराला टोचलेली सुई

थंडी पडली की इकडे सगळ्यांना बरं वाटतं. उन्हाळ्यात आमचा खानदेश असा तापतो की माणूस पुढचे सगळे महिने थंडीचीच वाट बघतो, आणि मग ती येते एकदाची, गच्च्यांवर गोधड्या उन्हाला पडतात, कोपऱ्याकोपऱ्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजायला लागतात, तो धूर केसांत बसतो, कपड्यांत बसतो, अंगावरच्या गोधडीत पण बसतो. लहानपणी मला तो वास इतका आवडायचा की मी गोधडीत तोंड खुपसूनच झोपायची. आता तो वास आला की माझा हात आधी पदराकडे जातो. खांद्यावर चाचपते, निऱ्यांपाशी चाचपते, ब्लाउजच्या काठावरून बोट फिरवते. कुठे सुई टोचलेली राहिली नाही ना. नसते. सगळ्या सुया मी डब्यात ठेवल्यात, डबा कपाटावर ठेवलाय, कपाटावर माझा हात पुरत नाही. तरी चाचपते.

कारण मला परत दिवस गेलेत, पाचवा चालू आहे, आणि त्यात या पुनवेला ग्रहण आलं.

शेजारच्या वहिनींनी मोबाईलमध्ये बघून सांगितलं. संध्याकाळचं आहे, चाळीसगावातून पण दिसणार आहे, गच्चीवर जाऊन बघू, असं त्या खुशीत बोलत होत्या, मग त्यांचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं आणि त्यांनी विषय बदलला, मटार काय भाव घेतला विचारायला लागल्या. मी घरात आले. माझ्या लेकीला, मनूला, वरणभात भरवायचा राहिला होता, तो भरवताना माझं लक्षच नव्हतं, अर्धा भात तिच्या फ्रॉकवर, ती हसायला लागली, तिला वाटलं मी मुद्दाम करतेय. तेवढ्यात धुळ्याहून अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, देवपूरला राहतात, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून मी पण म्हणते. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"पुनीमले गिऱ्हान शे," त्या म्हणाल्या.

"हो अक्का, कळलं."

"मी येसू. तू काही करू नको."

आणि फोन ठेवला. तू काही करू नको, हे त्या मला नेहमीच म्हणतात, पोटुशी बाईला सगळेच म्हणतात. पण मला त्यात ते ऐकू आलं जे मी तीन वर्षं ऐकत आलेय, आणि जे त्या एकदाही बोललेल्या नाहीत.

मला शिवायचा नाद आहे. नादच म्हणायचं, कारण शिवणकाम मी शिकलेली नाही, मशीन मला येत नाही, आठवीत शाळा सुटली तेव्हापासून हातानेच काहीतरी शिवत असते. माहेर एरंडोलजवळचं. आई जुनी लुगडी धुवायची, फाडायची, अंगणात थरावर थर अंथरायची, आणि आम्ही पोरी चारी बाजूंनी बसून धावदोरा घालत घालत मधोमध सरकत यायचो. बाकीच्या पोरी गप्पांच्या नादात ढांगेएवढे टाके घालायच्या. माझा टाका बारीक. हिचा टाका म्हणजे मुंग्यांची रांग, असं बायका म्हणायच्या. दुसऱ्या कशात मला कोणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, ना गणितात ना स्वयंपाकात, म्हणून मी ते धरूनच ठेवलं.

लग्न होऊन देवपूरला आले तर आमचे हे कापडाच्या दुकानात कामाला. शेठजी राजस्थानी, त्यांच्या बायकोला कोणीतरी माझा नाद सांगितला असेल, त्यांनी एक दिवस कात्रणांची गोणीच यांच्या हाती पाठवली. मी ती फरशीवर रिकामी केली. सुती, छापील, बांधणी, कुठे जरीची किनार, कुठे मलमलचा हातभर तुकडा. मला भूकच लागल्यासारखं झालं. मग मी शिवत सुटले. दुपटी, कुंच्या, बटवे, चिंध्यांच्या बाहुल्या. विकायचं कधी डोक्यात आलं नाही. कोणाला मूल झालं की कुंची, कोणाची मुलगी सासरी निघाली की बटवा, उगाच कोणी उदास दिसलं की बाहुली. अक्का गल्लीत सांगायच्या, "आमनी सून चिंध्यासनी रानी शे." पण कुंची द्यायला स्वतःच जायच्या, आणि समोरची बाई ती उलगडून बघेपर्यंत उंबऱ्यातून हलायच्या नाहीत.

शिवता शिवता उठावं लागतं. दूध उतू जातं, दारात कोणी येतं. मग सुई कुठे ठेवायची? खाली ठेवली तर पायात जाईल. म्हणून पदराला टोचायची. आमच्याकडे सगळ्या बायका तेच करतात, माझी आई करायची, अक्का करतात, मी करते. त्यात काही विशेष नाही, श्वास घेतो तसं.

मनूच्या वेळी ग्रहण भादव्यात आलं होतं, दुपारचं, सूर्याचं. तेव्हाही पाचवाच चालू होता. अक्कांनी सकाळपासून घर ताब्यात घेतलं, भांड्यांत तुळशीची पानं टाकली, खिडक्या लावून फटींना चादरी कोंबल्या, मला आतल्या खोलीत पाटावर बसवलं, मांडीत नारळ दिला आणि स्वतः समोर बसल्या. कापायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. आमच्याकडे सांगतात की पोटुशीने ग्रहणात चिरलं किंवा सुई चालवली तर बाळाचा ओठ फाटतो. मी लहानपणापासून ऐकलेलं, त्यात मला शंका पण नव्हती, कशी असणार. मी नखसुद्धा खुडलं नाही. आतमध्ये इतकं गरम होत होतं, पावसाने उघडीप दिलेली, घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेलं, एक माशी नारळावर बसत होती उठत होती, आणि मी तिलासुद्धा हाकललं नाही. बाहेर उजेड असा पिवळा मळकट झाला होता म्हणे. मला काय दिसणार. मला अक्का दिसत होत्या, आणि त्यांना मी.

मग गल्लीतून आवाज आले, दे दान सुटे गिराण. अक्का उठल्या, माझ्या आंघोळीचं पाणी काढलं. मी मोरीत गेले, पदर खांद्यावरून काढला, आणि बोटाला काहीतरी टोचलं.

सुई. पदराच्या काठाला आडवी टोचलेली, मागे वीतभर काळा दोरा लोंबत होता.

अक्का बादली घेऊन मोरीच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी बघितलं. त्यांनी बघितलं हे मी बघितलं. त्यांनी बादली खाली ठेवली, हात पुढे केला, सुई ओढून काढली, दोरा बोटाला गुंडाळला आणि म्हणाल्या, "पानी थंड व्हई राह्यनं." बस. एवढंच. त्या वळून निघून गेल्या आणि मी अंगावर पाणी घेत राहिले, घेत राहिले.

मला आठवेना मी ती कधी टोचली. आदल्या दिवशीच सगळं आवरून ठेवलं होतं, आवरायच्या आधी मी गोधडी शिवत होते ती लाल दोऱ्याने. पण मी दिवसाला दहा रंग ओवणारी बाई, आणि त्या घरात माझ्याशिवाय कोण शिवतं? मीच टोचली असणार. शिवलं नाही, खरं आहे. पण सबंध ग्रहण सुई अंगावर होती, पोटापासून हातभर अंतरावर, तिचं टोक माझ्याकडे होतं की बाहेर, हे मी किती वेळा आठवून बघितलं असेल. तेही आठवत नाही.

त्या दिवसापासून मी शिवायचं बंद केलं. गोधडी अर्धी राहिली, बाळासाठीच होती ती. ह्यांनी विचारलं, का गं, नाद सुटला का, मी म्हटलं कंबर दुखते. पुढे सोनोग्राफीला गेले तर बाळाने हात तोंडावर घेतलेला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाजतंय तुमचं बाळ. बाकीच्या बायका हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात, राग नाही, भीती, मला वाटलं लपवतंय ते. आत्तापासूनच लपवतंय.

मनू झाली ती पौषात, अशा थंडीत की दवाखान्याच्या नळाखाली हात धरवत नव्हता. ती रडली तेव्हा मी पहिला श्वास घेतला. मग सिस्टरचा आवाज येईना. मुलगी झाली की मुलगी झाली म्हणतात, मुलगा झाला की जरा जोरात म्हणतात, पण काहीतरी म्हणतात. ती काहीच म्हणेना. पुसत होती, गुंडाळत होती, आणि माझ्याकडे पाठ करून उभी होती. मला तेव्हाच कळलं.

वरचा ओठ एका बाजूने नाकापर्यंत उकललेला होता. शिवण उसवते ना, अगदी तशी. बाकी सगळं शाबूत, नाकीडोळी नीटस, केस काळेभोर. मी एक बोट त्या फटीजवळ नेलं आणि तिने ते चोखायचा प्रयत्न केला. तिला काय माहीत.

सिस्टर चांगली होती. माझ्याजवळ बसली, म्हणाली, "टाळू शाबूत आहे, फक्त ओठ आहे, ओठ शिवता येतो. वजन वाढव, मग ऑपरेशन. जळगावला शिबिर असतं, तिथे नाव घालू." मी तिला हळूच विचारलं, कोणी ऐकत नाही असं बघून विचारलं, ग्रहणात सुई अंगावर राहिली होती, त्याने झालं का.

तिने डोक्याला हात नाही लावला, हसली पण नाही. "कितवा महिना होता तुला?"

"पाचवा."

"ओठ तिसऱ्या महिन्याच्या आतच जुळतात बाई. जुळायचे ते जुळतात, राहायचे ते राहतात. तुझं ग्रहण आलं तेव्हा हिचा ओठ असाच होता. ग्रहणाने, सुईने काही होत नाही."

मी मान हलवली. डोक्याला पटलं. पण भीती डोक्यात नसतेच ना, ती खाली पोटात असते, आणि पोटाला कोण समजावणार. मी ते बोलणं कोणाला सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर आधी सुईचं सांगावं लागलं असतं.

ती थंडी मला दिवसांसारखी आठवतच नाही, सबंध एकच लांब दिवस असल्यासारखी आठवते. तिला अंगावर ओढता यायचं नाही. मी दूध वाटीत काढायची आणि चमच्याने पाजायची, ओठाच्या धड बाजूने, थेंब थेंब, डोकं उंच धरून. जरा घाई झाली की ठसका, चेहरा लाल, मग जांभळा, मग आम्ही दोघी तिची पाठ चोळतोय, दोघी म्हणजे मी आणि अक्का. खोलीत शेगडी, तिच्यावर ओवा, सगळीकडे दुधाचा आणि ओव्याचा वास. बाहेर पांझरा नदीकडून वारा यायचा तो दाराखालून शिरायचा, अक्कांनी तिथे माझी ती अर्धी गोधडी गुंडाळून लावून ठेवली होती. मला ते बघवत नव्हतं आणि काढा म्हणवत नव्हतं. पाजायला अक्का माझ्यापेक्षा बऱ्या. माझा हात घाबरायचा, त्यांचा नाही. त्या चमचा ओठाला लावून थांबायच्या, कितीही वेळ, मनू स्वतः गिळेपर्यंत. मनूशी बोलायच्या, "पे वं माय, पे." माझ्याशी कामापुरतं. दूध काढ. पदर घे. वजनाला कधी जायचं. मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, आज बोलतील, आता बोलतील. त्या बोलायच्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

बारशाला बायका आल्या. पाळण्यात वाकून बघायच्या, आणि सरळ व्हायच्या तेव्हा तोंडावर नवीनच चेहरा लावून. माझ्या चुलत सासू शेवंताकाकू, त्यांना मनात काही ठेवता येत नाही, त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय वं, गिऱ्हानमा काही चिरं व्हतं का तू? सुई धरेल व्हती?"

 पाळण्याची कडी तेवढी कुरकुरत होती. मी हो म्हणणार होते. खरंच, माझं तोंड उघडलं होतं.

"नही," अक्का म्हणाल्या. त्या घुगऱ्या वाढत होत्या, पातेलं त्यांच्या कमरेवर. "ती जागावरथीन हालनी बी नही. मी समोरच बठेल व्हतू. माशी हाकलनी नही तिनी." मग शेवंताकाकूंच्या हातात जरा जास्तच घुगऱ्या घातल्या. "खा. तोंड चालू शेच तर खा."

बायका हसल्या. पाळणा हलला, गाणं सुरू झालं. त्यांनी मला वाचवलं, कोणीही हेच म्हणेल. पण मी तिथे बसून काय विचार करत होते, की त्या खोटं बोलल्या. अक्का देवाची शपथ मोडत नाहीत, भाजीवाल्याशी पण खोटं बोलत नाहीत, त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या, म्हणजे त्यांना पक्कं माहीत आहे. माझ्यामुळेच झालं हे त्यांनी धरलेलंच आहे, आणि आता ते झाकून ठेवतायत, घरची लाज झाकतात तसं. त्या दिवसापासून मला त्यांची जास्तच भीती वाटायला लागली.

होळीच्या सुमाराला मनूचं वजन भरलं. जळगावला शिबिरात ऑपरेशन झालं. तिला आत नेलं तेव्हा ह्यांनी माझा हात धरला होता आणि अक्का भिंतीला टेकून नुसत्या उभ्या होत्या, कोणी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मग ती बाहेर आली, आणि मी तो ओठ बघितला. सुजलेला, पण मिटलेला. निळा दोरा. डॉक्टरांचा टाका मी नीट वाकून बघितला, मला दुसरं काय कळतं, पण टाका कळतो. माझ्यापेक्षा बारीक होता. दोन्ही कडा एकमेकींना ताण न देता आणून लावल्या होत्या. मी तेव्हा रडले, आणि सगळ्यांना वाटलं मी दुःखाने रडतेय.

डॉक्टर म्हणाले, हात तोंडाकडे जाता कामा नये, नाहीतर टाके ओढेल. म्हणून कोपरात वाकू नये अशा पुठ्ठ्याच्या नळ्या तिच्या दोन्ही हातांना बांधल्या. पुठ्ठ्याची कड बगलेत लागायची, कातडी लाल झाली, ती रडायची, रडली की ओठ ताणायचा, ओठ ताणला की माझा जीव जायचा. दुसऱ्या दिवशी अक्का देवपूरला जाऊन परत आल्या, पिशवीतून माझा सुयांचा डबा काढला, ती अर्धी गोधडी काढली, आणि माझ्यासमोर खाटेवर ठेवली.

"शिव," म्हणाल्या.

मी डब्याला हात लावेना. "शिव ना वं, पोरना हात दख," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. मी सुई ओवली. इतक्या महिन्यांनी. दोरा नेढ्यात जाईना, पाचदा चुकला. मग गोधडीची कड फाडली, तीन थरांचं मऊ कापड, त्यात उभे कप्पे घातले बोटभर रुंद, ह्यांनी आइस्क्रीमच्या काड्या आणल्या त्या कप्प्यांत सरकवल्या, वर-खाली मऊ किनार, बांधायला नाड्या. मनूच्या दोन बाह्या. हात सरळ राहायचा आणि कुठे लागायचं नाही. ती शांत झोपली. शेजारच्या खाटेवर चोपड्याकडची एक बाई होती, तिने विचारलं, ताई, आमच्याला पण होतील का. मग तिला. मग तिच्या पलीकडच्या खाटेवर.

तेव्हापासून मी तेच शिवते. बाहुल्या, बटवे सुटले नाहीत, पण जास्त करून बाह्या. शिबिर ठरलं की तिथल्या सिस्टरबाईंचा फोन येतो आणि मी छापील कापडाच्या, फुलांच्या, मोटारींच्या बाह्या करून पाठवते, कोणाच्या बाळाला जातात मला माहीत पण नसतं. फक्त आता बंद आहे. पोट दिसायला लागलं तसं मीच बंद केलं, डबा ह्यांना कपाटावर ठेवायला लावला. हे वर्षभरापूर्वी शेठजींच्या चाळीसगावच्या दुकानात आले म्हणून आम्ही इथे. मनू तीन वर्षांची आहे, ओठावर एक बारीक रेघ आहे, हसली की नाहीशी होते. परवा आरशात बघून विचारत होती, "हे कोणी शिवलं?" म्हटलं, डॉक्टरांनी. "तू का नाही?" म्हणाली. काय सांगू.

पुनवेला अक्का दुपारच्या धुळ्याच्या गाडीने आल्या. पिशवीत वांगी, कळण्याच्या भाकरीचं पीठ, मनूसाठी बोरं. आल्या तशा कामालाच लागल्या, तुळस, चादरी, खिडक्या, तेच सगळं, तसंच, मला वाटलं मी परत त्याच खोलीत आहे. हे दुकानात. मनू शेजारी वहिनींच्या पोरांबरोबर गच्चीवर गेली चंद्र बघायला. अक्कांनी पाट मांडला, नारळ आणला, मी बसणार तेवढ्यात म्हणाल्या, "थांब. उभी राह्य."

आणि माझा पदर हातात घेतला. काठ सगळा बोटांनी चाचपला, खांद्यापासून टोकापर्यंत. निऱ्या चाचपल्या. ब्लाउज चाचपलं. त्यांची बोटं थरथरत होती, मी कधी बघितली नव्हती थरथरताना, चमच्याने दूध पाजताना सुद्धा नाही. आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"अक्का, तेव्हा सुई तुम्ही बघितली होती ना."

त्यांनी पदर सोडला. "दखेल व्हती."

"मग शेवंताकाकूंना खोटं का सांगितलं? माझ्यामुळे झालं हे तुम्ही धरूनच ठेवलंय. मला बोलून टाका ना एकदा. मी किती वर्षं वाट बघतेय तुम्ही बोलायची, मला हे दुसरं पण पोटात आहे, मला झोप लागत नाही, तुम्ही बोला मला काय बोलायचं ते."

"तुनामुये?" अक्का म्हणाल्या.

त्या पाटावर बसल्या, माझ्यासाठी मांडलेल्या.  मग खालीच बघत सांगायला लागल्या. ग्रहणाच्या आदल्या दिवशी त्यांच्या चोळीचा हूक तुटला होता. मी झोपले होते, मला उठवायचं नाही म्हणून त्यांनीच माझ्या डब्यातली सुई घेतली, काळा दोरा ओवला, हूक लावला. दारात दूधवाला आला. त्या उठल्या, आणि हातातली सुई समोर खुंटीवर वाळलेली साडी होती तिच्या पदराला टोचली. मग विसरल्या. ती साडी माझी होती. दुसऱ्या दिवशी मी तीच नेसले.

"मोरीमा दखी आन मना जीव गया," त्या म्हणाल्या. "मी टोचेल सुई. मना हातनी."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतू तं तू माले पोरले हात लावू देती का?"

 नसता लावू दिला. त्या थंडीत, त्या भीतीत, मी खरंच नसता लावू दिला. आणि मग मनूला चमच्याने कोणी पाजलं असतं, माझ्या त्या घाबरट हातांनी?

वरच्या गच्चीवर पोरांचा गलका झाला, लागलं लागलं म्हणत होती. अक्कांनी नारळ उचलून माझ्या हातात दिला, सवयीने. मी तो घेतला, खाली बसले, आणि मला सिस्टरचं बोलणं आठवलं. आठवलं म्हणजे विसरले कधीच नव्हते, पण ते मी नेहमी माझ्यासाठी धरून बसले होते, आणि मला ते कधी लागूच पडलं नव्हतं.

"अक्का, सिस्टरने सांगितलं होतं, ओठ तिसऱ्या महिन्याच्या आत जुळतात. ग्रहण आलं तेव्हा पाचवा होता. सुई टोचायच्या कितीतरी आधी मनूचा ओठ तसाच होता."

त्यांनी मान वर केली. "कोनी सांगं?"

"दवाखान्यातल्या सिस्टरने. मनू झाली त्याच दिवशी."

"त्याच दिवशी." अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "आन तीन वरीस तू माले सांगं नही?"

"मला कुठे माहीत, हे तुम्हालाच सांगायला हवं होतं."

त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, मला वाटलं रडतील, पण रडल्या नाहीत, पदराने नाक पुसलं आणि पाटावरून सरकून मला जागा केली. आम्ही दोघी त्या एका पाटावर कशाबशा मावलो. मला माझी भीती गेली असं म्हणायचं नाही, अजून चार महिने आहेत आणि मी डबा काही कपाटावरून काढायला लावलेला नाही. पण ते वाक्य मी बोलले तेव्हा अक्कांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या, त्या मी डोळ्यांनी बघितल्या. माझ्या स्वतःच्या कपाळावरच्या मला कधी दिसल्या असत्या.

"तिसरा महिना म्हने ती?" अक्कांनी विचारलं.

"तिसऱ्याच्या आत."

त्यांनी बोटांवर महिने मोजून बघितले.

"परत सांग," म्हणाल्या. मी परत सांगितलं.